मेजिरोचे महिला विद्यापीठ

टोकियो शहराच्या मध्यभागापासून थोडे वायव्येस बुंक्यो नावाचा विभाग लागतो. विद्यापीठे आणि छापखाने ह्यांसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याच्या एका टोकाला मेजिरोदाई हा उंचवटा असून तेथे ‘निहोन जोशी दायगाकु’, म्हणजे जपान महिला विद्यापीठ, ही खाजगी संस्था १९०१ सालापासून काम करीत आहे. जपानमध्ये मुलींच्या उच्च शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांत ती अगदी पहिली नव्हे, सर्वांत श्रीमंतही नव्हे. तथापि भारतीय वाचकाने तिची ओळख करून घ्यावी ह्यास एक विशेष कारण आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९१६ साली पुण्यास जे महिला विद्यापीठ स्थापन केले, त्याची कल्पना त्यांना ह्याच संस्थेच्या माहितीपुस्तिकेवरून सुचली होती. दोन देशांत, दोन भिन्न परिस्थितींत, एकच कल्पना कशी वाढली हे पाहणे उद्बोधक ठरते. त्यातही, ज्या संस्थेस कर्वे ‘विद्यापीठ’ समजत होते ती त्या वेळी कायद्याने विद्यापीठ नव्हतीच, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ह्या इतिहासाला एक वेगळाच रंग चढतो.

मेइजी राजवटीच्या आरंभी, १८७२ साली, जपानने शिक्षणाचा पहिला सर्वव्यापी कायदा केला व त्यात मुलगे आणि मुली असा भेद न करता प्राथमिक शिक्षणाचे धोरण जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेस निघालेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर पाच मुली शिक्षणासाठी पाठविण्यात आल्या होत्या. त्यांतील धाकटी त्सुदा उमेको ही अवघी सहा वर्षांची होती. आरंभ असा उत्साहाचा झाला. प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत तो उत्साह फळासही आला, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. त्यापुढच्या पायऱ्यांवर मात्र अंधार होता. १८९९ साली मुलींच्या माध्यमिक शाळांसंबंधी हुकूम निघाला आणि प्रत्येक प्रांतात अशी निदान एक शाळा असावी असे ठरले. परंतु त्या शाळांचे ध्येय ‘र्‍योसाय केंबो’, म्हणजे सुशील पत्नी आणि सुज्ञ माता घडविणे, हे होते. मुलांची माध्यमिक शाळा विद्यापीठाकडे नेत असे. मुलींची माध्यमिक शाळा घराकडे परत आणीत असे. शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी टोकियोतील सरकारी उच्च अध्यापनशाळा एवढीच काय ती वाट होती, आणि सम्राटाच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना पूर्णपणे बंद होती.

ह्या कोंडीला उत्तर म्हणून १९०० आणि १९०१ ह्या दोन वर्षांत टोकियोत एकामागून एक खाजगी संस्था निघाल्या. त्सुदा उमेको ह्यांनी इंग्रजीच्या अध्यापनासाठी आपली शाळा काढली, योशिओका यायोई ह्या महिला डॉक्टरने वैद्यकाची शाळा काढली, मुलींसाठी चित्रकलेची शाळाही निघाली. ह्या सर्व संस्था एकेका विषयापुरत्या होत्या. स्त्रियांसाठी एक संपूर्ण विद्यापीठ असावे, हा हट्ट एकाच माणसाने धरला. त्याचे नाव नारुसे जिन्झो.

शिक्षक आणि पेढीची मालकीण

(जपानी रीतीप्रमाणे येथे आडनाव आधी लिहिले आहे.) नारुसे ह्यांचा जन्म १८५८ साली, जपानच्या पश्चिमेकडील चोशू संस्थानातील एका सामुराई कुटुंबात झाला. कर्वे ह्यांचे जन्मवर्षही १८५८ हेच. नारुसे ह्यांनी १८७७ साली ओसाका येथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, तेथील बाइका ह्या मुलींच्या शाळेत शिकविले, पुढे धर्मोपदेशक म्हणून हिंडले आणि उत्तरेकडील निइगाता येथे १८८७ साली मुलींची एक शाळाही काढली. १८९० ते १८९४ ही चार वर्षे ते अमेरिकेत होते. तेथे त्यांनी धर्मशास्त्र, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र ह्यांचा अभ्यास केला आणि स्त्रियांची महाविद्यालये प्रत्यक्ष पाहिली. परत येताना त्यांनी बरोबर आणलेल्या गोष्टींत बास्केटबॉल हा त्या वेळी अगदी नवा असलेला खेळही होता. बाइका शाळेच्या मुलींना त्यांनी तो शिकविला; जपानी मुलींनी हा खेळ खेळल्याचे ते पहिलेच उदाहरण मानतात.

१८९६ साली त्यांचे ‘जोशी क्योइकु’ म्हणजे ‘स्त्रीशिक्षण’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील मुख्य विचार एका क्रमात सामावलेला आहे. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून शिक्षण द्यावे, नंतर स्त्री म्हणून, आणि नंतर राष्ट्राची नागरिक म्हणून. तीनही शब्द त्या काळी सर्वांच्याच तोंडी होते. नवे काय असेल तर तो क्रम. सरकारी शाळा ‘पत्नी’ आणि ‘माता’ ह्या शब्दांपासून आरंभ करीत, नारुसे ‘माणूस’ ह्या शब्दापासून करीत. अर्थात त्यांनी ‘स्त्री म्हणून’ ही दुसरी पायरी गाळली नाही, आणि पुढे त्यांच्या संस्थेत जे ताण निर्माण झाले त्यांचे मूळ ह्या दुसऱ्या पायरीतच आहे.

पुस्तकाने पैसा मिळत नाही. तो मिळाला तो मुख्यतः हिरोओका असाको ह्या बाईंमुळे, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. असाको ह्यांचा जन्म १८४९ साली क्योटोतील मित्सुई ह्या धनाढ्य घराण्याच्या एका शाखेत झाला. लहानपणी त्यांना वाचनाची ओढ होती. पण मुलीच्या जातीने पुस्तके हाताळू नयेत म्हणून घरच्यांनी ती बंद केली. ओसाकाच्या एका जुन्या पेढीवाल्या घरात त्यांचे लग्न झाले. नवऱ्याला धंद्यापेक्षा गाणेबजावणे अधिक प्रिय, आणि त्यातच मेइजी क्रांतीने जुन्या पेढ्यांचा पाया खचलेला. तेव्हा ह्या तरुण सुनेने हिशेब स्वतः शिकून घेतले आणि पेढी सावरली. पुढे क्यूशू बेटावरील कोळशाची खाण त्यांनी चालविली आणि खाणकामगारांच्या वस्तीत राहून कामावर देखरेख केली. १८८८ साली त्या घराण्याची बँक उभी राहिली, १९०२ साली आयुर्विमा कंपनीच्या स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता. नारुसे ह्यांचे पुस्तक हाती आले तेव्हा त्यांनी ते तीन वेळा वाचले असे सांगतात. ज्या बाईला बालपणी पुस्तक नाकारले गेले होते तिला त्यात स्वतःचेच चरित्र दिसले असेल तर नवल नाही. त्यानंतर देणग्या गोळा करण्यासाठी त्या स्वतः बाहेर पडल्या.

इतो हिरोबुमी, ओकुमा शिगेनोबु ह्यांसारखे राजकारणी, शिबुसावा एइची ह्यांसारखे उद्योगपती, डोगुरा शोझाबुरो ह्यांच्यासारखे वनमालक ह्या कार्यास अनुकूल झाले. विद्यापीठ आधी ओसाकात व्हावयाचे होते. पुढे टोकियो निश्चित झाले, आणि मित्सुई घराण्याने मेजिरोदाई येथील सुमारे साडेपाच हजार त्सुबो, म्हणजे साधारण साडेचार एकर, जमीन दिली. २० एप्रिल १९०१ रोजी संस्थेचे उद्घाटन झाले. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग, आणि त्यांना जोडलेली एक माध्यमिक शाळा, असा तिचा आरंभीचा व्याप होता. शाळा धरून पहिल्याच वर्षी सुमारे पाचशे मुली दाखल झाल्या. मुलींना जास्त शिकविले तर त्यांची प्रकृती बिघडते व त्यांची लग्ने होत नाहीत, असे वर्तमानपत्रे लिहीत असताना हा आकडा लहान नव्हे.

वसतिगृहे हे तर एक स्वतंत्र विद्यालयच होते. प्रत्येक घरात थोड्या मुली आणि एक गृहमाता असत. स्वयंपाक, खर्चाचे हिशेब, झाडलोट ही कामे मुलींनीच पाळीपाळीने करावयाची. रसायनशास्त्र शिकविण्यास नागाई नागायोशी येत. एफेड्रिन हे औषधी द्रव्य ज्यांनी वनस्पतीतून वेगळे केले तेच हे शास्त्रज्ञ. १९०६ साली येथे ग्रंथालय व सभागृह म्हणून एक देखणी इमारत बांधली गेली. १९२३ च्या भूकंपात तिच्या विटांच्या भिंतींची हानी झाली. दुरुस्ती करताना बाहेरील भिंती लाकडाच्या केल्या. ह्याच सभागृहात २९ जानेवारी १९१९ रोजी नारुसे ह्यांनी, यकृताच्या कर्करोगाने आपण फार दिवस जगणार नाही हे ठाऊक असताना, विद्यार्थिनींचा निरोप घेतला. ४ मार्च रोजी ते वारले.

नाव आणि अधिकार

आता त्या कायद्याच्या प्रश्नाकडे वळू. संस्थेचे मूळ नाव ‘निहोन जोशी दायगाक्को’ असे होते. ह्यातील ‘दायगाक्को’ ह्या शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘मोठी शाळा’. ‘दायगाकु’ म्हणजे विद्यापीठ, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द, पण तोच नव्हे. १९०३ साली विशेष विद्यालयांसंबंधी हुकूम निघाला व १९०४ साली ह्या संस्थेस ‘सेन्मोन गाक्को’ म्हणजे विशेष विद्यालय असा दर्जा मिळाला. पदवी देण्याचा अधिकार त्यात नव्हता. १९१८ साली नवा विद्यापीठ कायदा झाला तेव्हा खाजगी संस्थांनाही विद्यापीठ होण्याची मुभा मिळाली, आणि तिचा फायदा घेऊन केइओ व वासेदा ह्या संस्था १९२० साली रीतसर विद्यापीठे झाल्या. महिलांच्या एकाही संस्थेस तो दर्जा देण्यात आला नाही. नारुसे ह्यांची अखेरची इच्छा अपुरी राहिली ती येथे. मेजिरोच्या फाटकावर मोठे नाव होते आणि कायद्याच्या पुस्तकात लहान. ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, सत्तेचाळीस वर्षे टिकली.

ह्या अपुऱ्या दर्जाचा अर्थ काय होता, ते तांगे उमे ह्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. लहानपणी एका अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. त्या मेजिरोच्या पहिल्या तुकडीत गृहशास्त्र शिकल्या आणि नागाई ह्यांच्या हाताखाली रसायनशास्त्रात त्यांना गोडी लागली. १९१३ साली सेंदाई शहरातील तोहोकु विद्यापीठाने, सरकारी शिक्षणखात्याच्या नापसंतीची पर्वा न करता, तीन स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांपैकी एक तांगे होत्या. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. पुढे अमेरिकेत त्यांनी १९२७ साली डॉक्टरेट मिळविली, जपानमध्ये परत आल्यावर जीवनसत्त्वांवर संशोधन करून १९४० साली टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि मेजिरो येथेच प्राध्यापक म्हणून शिकविले. स्वतःच्या संस्थेने त्यांना सर्व काही दिले. पदवी मात्र बाहेरून आणावी लागली.

चुलीपासून संसदेपर्यंत

गृहशास्त्र हा विषय मोठा गमतीचा आहे. सरकारला तो निरुपद्रवी वाटे. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांना तो पटे. परंतु घर नीट चालवावयाचे तर धान्याचा भाव का चढतो, पाणी कोठून येते, मूल का दगावते, हे प्रश्न अटळपणे पुढे येतात, आणि त्यांची उत्तरे घरात सापडत नाहीत. मेजिरोच्या इतिहासातील सर्वांत बंडखोर स्त्रिया ह्याच विभागातून बाहेर पडल्या, ह्यास योगायोग म्हणणे मला तरी कठीण वाटते.

हिरात्सुका रायचो ह्या १९०६ साली गृहशास्त्र विभागातून उत्तीर्ण झाल्या. सप्टेंबर १९११ मध्ये त्यांनी ‘सेइतो’ हे स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेले मासिक काढले. त्यांच्याबरोबरच्या संस्थापिकांत बहुतेक मेजिरोच्याच माजी विद्यार्थिनी होत्या, आणि पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ काढणारी चित्रकार नागानुमा चिएको हीदेखील तेथीलच. लग्न, गर्भपात, स्त्रीचे स्वतःच्या देहावरील स्वामित्व, ह्यांविषयी त्यांत उघड लिहिले जाऊ लागले तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘नव्या बायका’ म्हणून टर उडविली, सरकारने काही अंक जप्त केले, आणि त्यांच्या मातृसंस्थेनेही ह्या लेकींविषयी अभिमान दाखविला नाही. स्त्रीला आधी माणूस समजावे असे म्हणणाऱ्या संस्थेला आपल्या वाक्याचा अर्थ कोणी पुरेपूर घेईल ह्याची तयारी नव्हती.

दुसरे उदाहरण ओकु मुमेओ ह्यांचे. त्या १९१६ साली येथून बाहेर पडल्या. जपानमध्ये १९०० सालच्या पोलीस कायद्याने स्त्रियांना राजकीय सभेस हजर राहण्यासही मनाई होती. हे कलम रद्द करावे म्हणून रायचो, इचिकावा फुसाए आणि ओकु ह्यांनी १९२० च्या सुमारास नवी महिला संघटना उभारली. तान्हे मूल पाठीशी बांधून ओकु आमदारांच्या दारोदार हिंडत. १९२२ साली त्या कलमात दुरुस्ती झाली आणि स्त्रियांना सभेला जाता येऊ लागले. मताचा हक्क मात्र आणखी दोन तपे दूर होता. महायुद्धानंतर, १९४७ साली, ओकु वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. १९४८ मध्ये टोकियोत गृहिणी निकृष्ट आगपेट्या घेऊन जमल्या व न पेटणाऱ्या काड्यांविषयी त्यांनी जाब विचारला. त्यातून निघालेल्या गृहिणी संघाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संघाचे चिन्ह होते भात वाढण्याचा लाकडी उलथन्यासारखा चमचा, आणि मोर्चात बायका त्याच आकाराचे भलेमोठे फलक खांद्यावर घेऊन चालत. चुलीजवळच्या वस्तूला राजकीय निशाण करणे गृहशास्त्राच्या विद्यार्थिनीलाच सुचावे.

संस्थेचे अधिकृत कार्यही चार भिंतींत राहिले नव्हते. माजी विद्यार्थिनींचा ‘ओफुकाई’ हा संघ १९०४ साली स्थापन झाला. त्याने घरगुती विषयांचे साप्ताहिक चालविले, आणि १९१३ साली श्रमजीवी कुटुंबांच्या मुलांसाठी पाळणाघर काढले. १९२१ साली विद्यालयात समाजकार्याचा विभाग सुरू झाला. ह्या गोष्टींचा गाजावाजा फारसा झाला नाही.

पुण्यास पोहोचलेली पुस्तिका

बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. त्यांनी जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक इंग्रजी पुस्तिका १९१५ साली कर्वे ह्यांच्याकडे टपालाने पाठविली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले होते. हिंगण्याचा विधवाश्रम आणि १९०७ सालचे महिला विद्यालय ही त्यांची कामे चालू होती, आणि डिसेंबरमध्ये मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. अध्यक्षीय भाषणाचा विषय शोधीत असताना ही पुस्तिका त्यांच्या मनात घर करून बसली. भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली आणि ३ जून १९१६ रोजी पुण्यात विद्यापीठाच्या नियामक सभेची पहिली बैठक भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती व रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. जुलैमध्ये पाच विद्यार्थिनींनिशी पाठशाळा सुरू झाली.

मेजिरोच्या नमुन्यातून कर्वे ह्यांनी नेमके काय घेतले? पहिली गोष्ट म्हणजे भाषा. जपानी मुली साहित्य, शास्त्र, गृहशास्त्र हे सर्व जपानी भाषेतून शिकत. इंग्रजी हा एक विषय होता, माध्यम नव्हते. कर्वे गणिताचे शिक्षक. परक्या भाषेचे ओझे विद्यार्थ्याची किती वर्षे खाते ह्याचा हिशेब त्यांना चांगला येत होता. म्हणून त्यांच्या विद्यापीठात मातृभाषा हे माध्यम ठरले, इंग्रजी आवश्यक विषय म्हणून राहिले, आणि पदव्यांनाही ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशी संस्कृत नावे मिळाली. दुसरी गोष्ट गृहशास्त्राला दिलेले स्थान. तिसरी, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची, म्हणजे सरकारी मान्यतेची वाट न पाहता आरंभ करण्याचे धैर्य.

तथापि दोन्ही देशांतील परिस्थितीत एक मूलभूत फरक होता. मुंबई विद्यापीठाने १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू ह्या दोघी पदवीधर झाल्या. भारतात मुख्य दार, अगदी थोड्या स्त्रियांना का होईना, उघडे होते. जपानमध्ये ते बंद होते. म्हणून मेजिरोचे स्वतंत्र विद्यापीठ ही तेथील स्त्रीची एकमेव वाट होती, तर पुण्याचे स्वतंत्र विद्यापीठ ही दुसरी, अधिक सोपी वाट होती. येथील काही सुधारकांना ते रुचले नाही. वेगळी वाट म्हणजे कमी प्रतीची वाट, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. कर्वे ह्यांचे उत्तर व्यवहारी होते. इंग्रजी शाळेची सात-आठ वर्षे पार करून मुख्य दारापर्यंत पोहोचणाऱ्या मुली किती, आणि पोहोचू न शकणाऱ्या किती? ह्या वादात कोणाची बाजू खरी, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. परंतु कर्वे ह्यांचा प्रश्न आकड्यांचा होता व त्याला तत्त्वाने उत्तर देणे अपुरे होते, असे माझे मत आहे.

मान्यतेच्या बाबतीत मात्र शिष्याने गुरूचीच कथा पुन्हा जगून दाखविली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, संस्थेस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले, १९३६ साली तिचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले. पण सरकारच्या लेखी तिच्या पदव्यांना मोल नव्हते. कायदा झाला तो १९४९ साली, आणि वैधानिक दर्जा १९५१ पासून आला. पुस्तिका वाचून कर्वे ह्यांनी ज्याला विद्यापीठ मानले होते ते मेजिरोचे विद्यालय १९४८ साली खरोखरीचे विद्यापीठ झाले. दोन संस्थांच्या प्रतीक्षेत तीन वर्षांचेच अंतर. आपल्या १९२९-३० च्या जगप्रवासात कर्वे टोकियोस गेले व ती संस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तेव्हा दोन्हींपैकी एकीलाही सरकारमान्य पदवी देता येत नव्हती.

भारताशी मेजिरोचा आणखी एक धागा आहे. पुण्यात विद्यापीठाची पहिली बैठक भरत होती त्या सुमारास रवींद्रनाथ ठाकूर जपानमध्ये होते. राष्ट्रवादाच्या अतिरेकावर त्यांनी केलेल्या टीकेमुळे टोकियोतील पुढाऱ्यांचे स्वागत थंडावले होते. नारुसे ह्यांनी त्यांना मेजिरोस बोलाविले आणि ऑगस्ट १९१६ मध्ये कारुइझावा ह्या थंड हवेच्या ठिकाणी, संस्थेच्या उन्हाळी वसतिगृहात, ते विद्यार्थिनींमध्ये राहिले. तेथे त्यांनी ध्यानाविषयी प्रवचने दिली. त्या मुलींत वादा तोमी नावाची एक विद्यार्थिनी होती. पुढे कोरा तोमी ह्या नावाने ती मानसशास्त्रज्ञ झाली, ठाकुरांच्या नंतरच्या जपानभेटीत तिने दुभाष्याचे काम केले आणि १९४७ साली संसदेत गेली.

युद्ध आणि त्यानंतर

१९३१ साली इनोउए हिदे ह्या विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी त्याच संस्थेची पहिली स्त्री-प्रमुख झाली, ही घटना आनंदाची. काळ मात्र वाईट आला. युद्धाच्या वर्षांत विद्यार्थिनींना कारखान्यांतील कामावर जावे लागले आणि संस्थेच्या नेतृत्वाने सरकारी धोरणाला साथ दिली. त्या साथीमुळे १९४६ साली इनोउए ह्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी स्त्रियांनी प्रथमच मतदान केले व एकोणचाळीस स्त्रिया संसदेत निवडून आल्या. टोकियो विद्यापीठाचे दारही स्त्रियांना उघडले. १९४८ साली नव्या पद्धतीची जी पहिली बारा विद्यापीठे मान्य झाली त्यांत पाच महिलांची होती, आणि त्यांत मेजिरोची संस्था होती. १९५६ ते १९६५ ह्या काळात जोदाई तानो ह्या विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या. अण्वस्त्रांविरुद्ध आवाज उठविणाऱ्या सात जणांच्या जागतिक शांतता समितीत त्या युकावा हिदेकी आणि हिरात्सुका रायचो ह्यांच्याबरोबर होत्या. एका काळी संस्थेने दूर लोटलेली विद्यार्थिनी आणि संस्थेची अध्यक्ष आता एका पत्रकावर सही करीत होत्या.

मुख्य दार उघडल्यानंतर वेगळ्या दाराचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्यानंतर सतत विचारला गेला आहे. जपानमधील महिला विद्यापीठांची संख्या १९९० नंतरच्या दशकात शंभराच्या जवळ गेली होती. तेव्हापासून ती उतरत आहे. जन्मप्रमाण घटले, मुलींचा ओढा सहशिक्षणाकडे वाढला. टोकियोतीलच केइसेन ह्या महिला विद्यापीठाने नवे प्रवेश थांबविण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर केला. मेजिरोने स्वतःत बदल करण्याचा मार्ग धरला. १९९२ साली तेथे विज्ञानशाखा निघाली, जी खाजगी महिला विद्यापीठांत दुसरीकडे नाही. कावासाकी शहरातील शाखा २०२१ साली मेजिरोत आणून सर्व विभाग एकत्र केले. २०२४ पासून, जन्माने पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला.

जुन्या गृहशास्त्र शाखेचेही आता भाग पडले आहेत. निवासाचा अभ्यास करणारा विभाग २०२४ साली स्थापत्य व रचना ही स्वतंत्र शाखा झाला, अन्न व पोषण हा विभाग २०२५ साली स्वतंत्र शाखा झाला. ह्या निवास विभागातूनच १९७९ साली सेजिमा काझुयो पदवीधर झाल्या. २०१० साली त्यांना निशिझावा र्‍यूए ह्यांच्यासमवेत स्थापत्यातील प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, आणि मेजिरोच्या नव्या ग्रंथालयाचा आराखडा संस्थेने त्यांच्याकडूनच करून घेतला. २०१९ साली हे ग्रंथालय बांधून पूर्ण झाले.